ओला, सुका आणि कचरापेटीवरील शब्द

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशकार, भाषांतरकार व पाठ्यपुस्तकांचे लेखक ह्यांच्या अनुषंगाने केला जातो. संज्ञा नेमकी आहे की नाही, ती संस्कृतातून घडवावी की बोलीतून उचलावी, एवढ्यावर चर्चा थांबते. कारण अशा संज्ञेचा वाचक जाणकार असतो, व शंका आल्यास तो व्याख्या उघडून पाहू शकतो. परंतु परिभाषेचा असाही एक प्रांत आहे, की जेथे वाचकाच्या हातात केळ्याची साल आहे, व्याख्या पाहण्यास त्याला सवड नाही आणि दोन पावलांत त्याला निर्णय करावयाचा आहे. सार्वजनिक कचरापेटीवरील अक्षरे हा तो प्रांत होय. वाचकाने अर्थ काय लावला ह्याचा पुरावा पेटीतच पडलेला असतो, ही अभ्यासकाची एक सोयच म्हणावयाची. मात्र त्या पुराव्यात हात घालण्याचे काम अभ्यासकाला करावे लागत नाही, ते दुसऱ्याच कोणाला करावे लागते. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

आपल्या नगरांतून सर्वाधिक आढळणारी जोडी 'ओला कचरा' व 'सुका कचरा' ही होय. ह्या जोडीने अभिप्रेत असलेले वर्गीकरण वस्तूच्या धर्मावर व तिच्या पुढील गतीवर आधारलेले आहे. जे कुजवून खत करता येते ते एकीकडे, आणि जे निवडून कारखान्याकडे परत धाडता येते ते दुसरीकडे. शब्द मात्र धर्माचा नसून अवस्थेचा आहे. कांद्याची वाळलेली साल, भुईमुगाची टरफले, झाडाचा पाचोळा ह्या वस्तू हाताला खडखडीत सुक्या लागतात. त्या 'ओल्या'त जावयाच्या असतात. उलट दुधाची रिकामी पिशवी ओलसर असूनही 'सुक्या'त जावयाची. ह्या वस्तूंच्या बाबतीत जो वाचक चुकतो त्याने मराठी चुकीची वाचली असे म्हणता येत नाही. त्याने ती अक्षरशः वाचली, एवढाच त्याचा दोष.

येथे 'ओला' ह्या शब्दाची बाजूही मांडली पाहिजे. मराठीत तो केवळ 'भिजलेला' अशा अर्थाचा नाही. ओले काजू, ओली हळद, ओला नारळ, ओला चारा ह्या प्रयोगांत पाण्याने भिजण्याचा संबंध नाही. वाळवणापूर्वीची, अजून जीवरस असलेली स्थिती तेथे विवक्षित आहे. 'सुका' हाही तसाच वाळवण्याच्या क्रियेचा परिणाम सांगणारा शब्द आहे, आणि म्हणूनच तो 'कोरडा' ह्याहून निराळा आहे. कोरडे कपडे व सुके कपडे ह्यांत भेद करणाऱ्याला तो सहज जाणवेल. ज्या इंग्रजी शब्दाच्या जागी 'ओला' योजला गेला त्याहून मराठी शब्द सेंद्रियतेच्या कल्पनेला अधिक जवळचा आहे. तरीही हा शब्द सर्वत्र तारून नेतो असे नाही. कोकणातील स्वयंपाकघरात ओली मासळी व सुकी मासळी हा भेद पक्का आहे. तेथे खराब झालेल्या सुक्या बोंबलांनी कोणत्या पेटीत जावे, ह्याचे उत्तर शब्दावरून काढणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

ह्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी 'विघटनशील' व 'अविघटनशील' अशी जोडी लिहिली जाते. शास्त्रदृष्ट्या ती अधिक शुद्ध, पण पेटीवर अधिक घातक. विरोधाचा सारा भार तिने पहिल्या एका अक्षरावर टाकलेला आहे. उन्हापावसाने तो 'अ' पुसला गेला, किंवा त्यावर एखादी जाहिरात चिकटली, की शब्द अपूर्ण राहत नाही. तो पूर्ण राहून उलट अर्थ सांगू लागतो. 'ओला' व 'सुका' ह्यांतील एखादे अक्षर गेले तर वाचक अडखळेल, पण उलट वाचणार नाही. तिसरा शब्द 'पुनर्वापर'. रिकामी बरणी धुऊन तीत लोणचे भरणे हा पुनर्वापर. ती फोडून, वितळवून नवी काच करणे ही पुनःप्रक्रिया. पेट्यांवर पहिला शब्द लिहून दुसरा अर्थ सुचविण्याची चाल पडली आहे. 'मला वापरा' असे प्रथमपुरुषी आवाहन करणाऱ्या पेट्यांविषयी काय बोलावे? सौजन्याखेरीज त्यांत काही माहिती नाही.

मग अचूक शब्द शोधणे हाच उपाय काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. आपल्या शास्त्रकारांनी यौगिक, रूढ व योगरूढ असे शब्दांचे प्रकार मानले आहेत. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले. परंतु चिखलातला किडा कोणी त्या शब्दाने समजत नाही. अवयवार्थाला रूढीने मर्यादा घातली. 'ओला कचरा' हा असाच योगरूढ होण्याच्या मार्गावर असलेला शब्द आहे. पुष्कळ घरांतून तो झालाही आहे. तेथे चहाचा चोथा सुकला म्हणून कोणी तो दुसऱ्या डब्यात टाकीत नाही. रूढी मात्र एका अटीवर बसते. तोच शब्द, त्याच अर्थाने, पुनःपुन्हा, तशाच स्थळी भेटला पाहिजे. चिन्ह व त्याचा अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरच्या वाचकांना सांगावयास नको. परंतु संबंध यादृच्छिक असल्यामुळेच समाजाचा संकेत स्थिर असावा लागतो, हा त्या सिद्धान्ताचा दुसरा अर्धा भाग आपण पुष्कळदा विसरतो.

आमच्या वाटेवर, बसथांब्यापासून वर्गापर्यंत, सहा ठिकाणी जोडपेट्या आहेत. दोन ठिकाणी 'ओला–सुका', एके ठिकाणी 'ओला–कोरडा', एके ठिकाणी हिंदीतील 'गीला–सूखा', एके ठिकाणी 'विघटनशील–अविघटनशील', आणि सहाव्या ठिकाणी एका पेटीवर 'प्लास्टिक' व दुसरीवर नुसते 'कचरा'. ह्या शेवटच्या जोडीत विरोधच नाही. सामान्य नाम व विशेष नाम शेजारी बसविले आहेत, आणि प्लास्टिकची बाटली दोहोंतही नियमानुसारच पडते. दहा मिनिटांच्या अंतरात वाचकापुढे पाच परिभाषा येतात. अशा स्थितीत तो एकही शिकत नाही, व जवळची पेटी पाहून मोकळा होतो.

रंगांची कथा ह्याहून वेगळी नाही. २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांत कुजणाऱ्या कचऱ्याच्या पेटीला हिरवा, पुनःप्रक्रियेयोग्य कचऱ्याच्या पेटीला पांढरा व इतर कचऱ्याच्या पेटीला काळा रंग सांगितला होता. २०१६ सालच्या नियमांनी तोच क्रम ठेवला. परंतु २०१७ पासून मोठ्या प्रमाणावर प्रचार झाला तो हिरव्या व निळ्या डब्यांचा. रुग्णालयांसाठी २०१६ सालीच आलेल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत निळा रंग काचेसाठी व पांढरा सुयांसारख्या टोकदार वस्तूंसाठी राखलेला आहे. रस्त्यावर निळ्या डब्यात कागद टाकणारा मनुष्य रुग्णालयाच्या दालनात तेच करू लागला, तर तो आपली सवय इमानाने पाळीत असतो.

चिन्ह एका क्षेत्रातून दुसऱ्यात नेले की काय होते, ह्याचे उत्तम उदाहरण तीन बाणांच्या त्रिकोणाचे आहे. १९७० साली गॅरी अँडरसन ह्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी तो रेखाटला. पुनःप्रक्रिया हा त्याचा अर्थ. १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तशाच बाणांच्या आत १ ते ७ हे अंक घालून प्लास्टिकच्या जाती दर्शविण्यास प्रारंभ केला. अंकाचा अर्थ एवढाच, की ही वस्तू अमुक जातीच्या प्लास्टिकची आहे. ग्राहकाने मात्र बाण वाचले, अंक वाचला नाही, आणि असे चिन्ह असलेली प्रत्येक वस्तू पुनःप्रक्रियेस जाते असे मानले. २०१३ साली मानक ठरविणाऱ्या संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण सुचविला. पण पंचवीस वर्षांत बसलेली रूढी एका ठरावाने उठत नाही.

उलट उदाहरण डेन्मार्कचे. तेथे घर, कार्यालय, रस्ता व कचरा स्वीकारणारी केंद्रे ह्या सर्वांसाठी चित्रचिन्हांची एकच राष्ट्रीय मालिका तयार करण्यात आली, आणि शेजारच्या उत्तरेकडील देशांनीही ती उचलली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय संघाच्या वेष्टनविषयक नियमावलीत वेष्टनावरील व पेटीवरील चिन्हे परस्परांशी जुळती करण्याची तरतूद आहे. ह्यातील मर्म चित्राच्या सौंदर्यात नाही. वाचकाला भाषांतर न करता नुसती तुलना करावयाची आहे, हातातील खूण व पेटीवरील खूण एकच आहे की नाही एवढेच पाहावयाचे आहे. पेटीचे तोंडसुद्धा वाचले जाते. अमेरिकेतील डफी व व्हर्जेस ह्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डबेबाटल्यांसाठी गोल भोक अशी वस्तूला साजेशी झाकणे असलेल्या पेट्यांमुळे पेयपात्रांचे पुनःप्रक्रियेकडे जाण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढले व भलत्या वस्तूंचे प्रमाण ९५ टक्क्यांनी घटले, असे दिसून आले. गोल भोक हे बाटलीचे नाम आहे, आणि त्याचा 'अ' पुसला जात नाही.

आपल्याकडे स्थिर संकेताचा अनुभव नाही असे मानण्याचे मात्र कारण नाही. 'रद्दी' हा शब्द पाहा. कोणत्याही पेटीवर तो लिहिलेला नाही, तरी घरोघरी वर्तमानपत्रे घडी घालून वेगळी ठेवली जातात. कारण रद्दीला भाव आहे, गिऱ्हाईक आहे, आणि तिचा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. रद्दीला आपण कचरा म्हणतच नाही. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. शासकीय परिभाषा ओल्या-सुक्याची, तर ज्यांच्या हातून प्रत्यक्ष निवड होते त्यांची परिभाषा द्रव्यांची आहे. पुठ्ठा, पत्रा, काच, भंगार हे शब्द त्यांच्या तराजूवर तोललेले आहेत, म्हणून ते ढळत नाहीत.

पेटीवरील चुकीची किंमतही हेच हात देतात. आमटीने भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव जातो. न गुंडाळलेली फुटकी काच बोटात शिरते. वापरलेली सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका काढावा, ही पुणे व बेंगळूर येथे प्रचारात आलेली रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्षात घ्यावी. तीत शब्द नाही, लिपी नाही. निवडणाऱ्याने पाकीट उघडू नये एवढाच निरोप आहे, आणि तो पोचतो.

ह्या संकेताचा आणखी एक शत्रू आहे. दोन पेट्यांत निगुतीने वेगळा टाकलेला कचरा घंटागाडीच्या एकाच खणात ओतला जाताना नागरिकाने पाहिला, की पेटीवरील अक्षरे त्याच्या लेखी खोटी ठरतात. नामपट्टी ही केवळ नाव नसते, पुढील व्यवस्थेची हमी असते. ती मोडल्यावर शब्द कितीही सुबोध केला तरी उपयोग नाही.

जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या व १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचऱ्याचे चार वर्ग केले आहेत: ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. पहिले दोन शब्द बदलू नयेत असे माझे मत आहे. 'कोरडा', 'विघटनशील' इत्यादी पर्याय मात्र पेट्यांवरून कटाक्षाने दूर करावेत, व प्रत्येक शब्दाखाली चुकणाऱ्या वस्तूंची, म्हणजे पाचोळा, दुधाची पिशवी ह्यांची, चित्रे द्यावीत. केळ्याची साल सर्वांनाच कळते. तिसऱ्या व चौथ्या वर्गांची नावे अजून मराठीत बसावयाची आहेत. 'स्वच्छताविषयक कचरा' हा शब्द वाचून झाडूने काढलेला केर कोणी पुढे आणला तर नवल नाही. 'विशेष काळजी' कोणी घ्यावयाची, टाकणाऱ्याने की उचलणाऱ्याने, हेही त्या शब्दातून उमगत नाही. औषधे, रंगांचे डबे, विजेचे दिवे व घटमाला ह्यांना एकत्र बांधणारे बोलीतील नाव कोणते, हे घराघरांत विचारल्यावाचून कळणार नाही. पदव्युत्तर वर्गाच्या क्षेत्रकार्यासाठी हा विषय घेण्याजोगा आहे: दहा वस्तू समोर ठेवाव्यात, शब्द लिहिलेल्या चार पेट्या मांडाव्यात, आणि कोणती वस्तू कोठे पडते ते मुकाट्याने लिहून घ्यावे. उत्तर देणाऱ्यांत निदान निम्मी माणसे अशी असावीत, की ज्यांचा विद्यापीठाशी काही संबंध नाही.