अंधुक रेडिओ उगमांची ओळख

आकाशातून पृथ्वीवर जसा प्रकाश येतो, तशाच रेडिओ लहरीही अखंड येत असतात. त्या कोणत्या दिशेने येतात व किती प्रखर आहेत, हे रेडिओ दुर्बीण सांगते. परंतु त्यांचा उगम किती दूर आहे, हे तिला सहसा सांगता येत नाही. त्यासाठी त्याच ठिकाणी प्रकाशात दिसणारी ज्योती शोधून तिचा वर्णपट घ्यावा लागतो. वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूस किती सरकल्या आहेत, यावरून अंतराचे अनुमान करता येते.

हा शोध सोपा नाही. रेडिओ लहरी प्रकाशलहरींहून लक्षावधी पट लांब असल्यामुळे एकट्या रेडिओ दुर्बिणीला उगमाचे स्थान ढोबळ मानानेच कळते. तेवढ्या भागाच्या छायाचित्रात अनेक तारे व दीर्घिका दिसतात. त्यांतील भलतीच ज्योती निवडली गेली, तर अंतर चुकते आणि त्यावर उभारलेले विश्वाविषयीचे निष्कर्षही चुकतात.

या कामी चंद्राचे साहाय्य झाले. चंद्राची कड कोणत्या क्षणी कोठे असते, हे अचूक ठाऊक असते. म्हणून उगम चंद्राआड जाताना त्याच्या लहरी ज्या क्षणी खंडित होतात, त्यावरून त्याचे स्थान निश्चित करता येते. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे सिरिल हॅझर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘३सी २७३’ या उगमाचे असे पिधान टिपले. त्या स्थानी ताऱ्यासारखी एक ज्योती आढळली. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत घेतलेल्या तिच्या वर्णपटाचा उलगडा मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये केला. रेषा सुमारे १६ टक्के सरकलेल्या होत्या. तो तारा नव्हता. सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला क्वेसार होता.

हीच पद्धत भारतात अधिक अंधुक उगमांसाठी वापरली गेली. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७० मध्ये उटीजवळ ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली. तिने शेकडो उगमांची पिधाने नोंदविली.

मात्र चंद्राच्या वाटेत आकाशाचा थोडाच भाग येतो. इतरत्र दूरदूर ठेवलेल्या अनेक अँटेनांचे संकेत एकत्र करून स्थान ठरवितात. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. त्यामुळे उगमाचे स्थान काही विकलांपर्यंत, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या काही पटींपर्यंत, अचूक कळते.

तरीही काही ठिकाणी मोठ्या प्रकाशीय दुर्बिणीलाही काहीच दिसत नाही. तो प्रयत्न व्यर्थ ठरत नाही. असा उगम धुळीने झाकलेला असू शकतो, अथवा अतिदूरचा. आणि विश्वाच्या बाल्यावस्थेचा शोध घेणाऱ्यांना नेमके हे अतिदूरचे उगमच हवे असतात.