‘रागानं का बघतो?’

हिंजवडी-वाकड पट्ट्यातल्या हाणामारीच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘रागाने का बघतो, या कारणावरून.’ आयटी पार्कातला वाचक हसून पान उलटतो. विधिसंघर्षग्रस्त बालक (कायद्यात ‘बालगुन्हेगार’ हा शब्द नाही) आणि त्याच्याच वर्गातला सरळमार्गी मुलगा यांच्यातला फरक मात्र याच वाक्यात सापडतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० साली दाखवलं, की धक्का चुकून लागला की मुद्दाम हे स्पष्ट नसेल, तर आक्रमक मुलं ‘मुद्दामच’ असं धरून चालतात. आपल्याकडं ‘खुन्नस दिली’ म्हणतात, ते याच समजातून. घरात मार खाऊन वाढलेल्या मुलांत ही सवय जास्त आढळते. सतत सावध राहण्यात त्यांचा जीव वाचलेला असतो, मग टपरीवरची साधी नजरही त्यांना झोंबते.

‘यांना बरं-वाईट कळतच नाही’ हा समज मला सर्वांत पोकळ वाटतो. कळतं, पण चारचौघांत सुटतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५च्या प्रयोगात १३ ते १६ वयाच्या मुलांनी गाडीच्या खेळात मित्रांसमोर जवळपास दुप्पट धोका पत्करला; मोठ्यांत फरक पडला नाही. आणि ही चारचौघांसारखीच पोरं होती, गुन्हेगार नव्हेत. कोयता नाचवणारी रीलही कुणी फक्त स्वतः बघायला काढत नाही.

‘ही बेघर पोरं’? देशात २०२२मध्ये ताब्यात घेतलेल्या ३७,७८० मुलांपैकी बहुतेक आई-वडिलांजवळच राहत होती.

‘एकदा बिघडला तो बिघडलाच’ हेही खरं नाही. अमेरिकेत गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांचा ७ वर्षं माग काढला, तेव्हा बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर कमी झाले. मोजकेच त्या वाटेवर राहिले.

राहता राहिलं, ‘अठराच्या आतला सुटतोच’. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयोगटातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं. खटला प्रौढासारखाही चालू शकतो. ‘पोरगं आहे, सुटेल’ हा हिशेब बऱ्याचदा त्या पोराच्या हाती कोयता देणारा ‘भाई’ करतो. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला त्याच कायद्याचं कलम ८३ लागतं: ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड.