बारावीनंतर बडोदा : प्रवेशाची तयारी केव्हा आणि कशी?

बारावीचा निकाल लागला की 'आता पुढे काय?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. वास्तविक तो दोन वर्षे आधी विचारला जायला हवा. गोव्याबाहेर शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर निकालानंतर सुरू झालेली तयारी बहुधा उशिराचीच ठरते. गुण पुरेसे असूनही एखादा दाखला वेळेत मिळत नाही, मुदत टळून जाते, वसतिगृहाची सोय होत नाही किंवा खर्चाचा अंदाज चुकतो आणि हाताशी आलेली जागा सोडावी लागते. ही तयारी नेमकी कशाची असते, हे समजून घेण्यासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे उदाहरण उपयोगी पडावे. मराठी माणसाला हे विद्यापीठ परके नाही, कोकण रेल्वेमार्गे मडगावहून तेथे थेट गाड्या जातात आणि तेथील प्रवेशपद्धती अलीकडेच पूर्णतः बदलली आहे.

बडोदाच का?

मुक्तीपूर्व गोव्यात कला-विज्ञानाच्या पदवीचे महाविद्यालय नव्हते. पदवी हवी असेल तर मुंबई, पुणे किंवा धारवाड गाठावे लागे. १९६२ मध्ये धेंपे महाविद्यालय सुरू झाले, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि ही सक्ती संपली. तरीही काही विषय विद्यार्थ्यांना बाहेर खेचतात. चित्रकला, शिल्पकला, संगीत, नाट्य, समाजकार्य यांसाठी बडोद्याचे नाव अनेक दशके घेतले जाते.

त्यामागे मोठा इतिहास आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १८८१ मध्ये, बडोदा कॉलेज सुरू झाले. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली संगीतशाळा निघाली आणि १८९० मध्ये कलाभवन. दादासाहेब फाळके या कलाभवनाचेच विद्यार्थी. १९४९ मध्ये या संस्थांच्या पायावर विद्यापीठ उभे राहिले आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पुढच्याच वर्षी ललित कला विद्याशाखा सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या कलावंत-शिक्षकांनी तिला देशभर नाव मिळवून दिले. विद्यापीठाचे अध्यापनाचे माध्यम इंग्रजी असल्याने, माध्यमिक शिक्षण इंग्रजीतून घेतलेल्या गोमंतकीय विद्यार्थ्याला वर्गात भाषेची अडचण येत नाही. मराठीचा स्वतंत्र विभागही तेथे आहे.

नवी पद्धत : एक अर्ज, अनेक विद्यापीठे

पूर्वी बडोदा विद्यापीठ आपल्या स्वतंत्र कायद्यानुसार चालत असे आणि प्रवेशही स्वतःच देत असे. गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०२३ अमलात आल्यानंतर ते राज्यातील अन्य शासकीय विद्यापीठांबरोबर एकाच कायद्याखाली आले. पाठोपाठ २०२४ पासून 'जीकॅस' हे सामायिक प्रवेश संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर एकदाच नोंदणी करून विद्यार्थी वेगवेगळ्या विद्यापीठांतील अभ्यासक्रम निवडू शकतो. सुरुवातीच्या वर्षी नोंदणीचे शुल्क ३०० रुपये होते.

या पद्धतीचा क्रम ढोबळमानाने असा आहे : नोंदणी, गुण व कागदपत्रे भरणे, अभ्यासक्रमांची निवड, कागदपत्रांची पडताळणी, मग महाविद्यालय किंवा विद्याशाखेकडून येणारा प्रवेशाचा प्रस्ताव आणि शेवटी विद्यार्थ्याने तो निश्चित करणे. प्रत्येक टप्प्याला मुदत असते. एक टप्पा चुकला तर पुढचा उघडत नाही. म्हणून विद्यार्थ्याने अर्जात स्वतःचा किंवा पालकांचाच मोबाइल क्रमांक व ईमेल द्यावा. सायबर कॅफेचालकाचा क्रमांक देऊन अर्ज भरून घेतला तर प्रस्तावाची सूचना आणि प्रवेश निश्चित करण्याचा ओटीपी दोन्ही परक्याच्या हाती जातात. ओटीपी कोणालाही देण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या जागेला होकार देत आहोत, याची खात्री करून घ्यावी.

सामायिक संकेतस्थळामुळे अर्ज सोपा झाला, स्पर्धा मात्र सोपी झाली नाही. २०२४ मध्ये वाणिज्य विद्याशाखेतील जागांवरून बडोद्यातील स्थानिक विद्यार्थ्यांनाच आंदोलन करावे लागले होते. अशा गर्दीच्या अभ्यासक्रमासाठी इतक्या दूर जाण्याआधी परराज्यातील विद्यार्थ्याने दोनदा विचार करावा. जो विषय गोव्यात मिळतच नाही किंवा बडोद्यात विशेष चांगला शिकवला जातो, त्यासाठी जाणे अधिक शहाणपणाचे.

चाचणीची तयारी वेगळी

ललित कला विद्याशाखेत केवळ बारावीच्या टक्केवारीवर प्रवेश मिळत नाही. तेथे कलचाचणी द्यावी लागते. रेखाटन, रचना, निरीक्षण या गोष्टी एका उन्हाळ्यात येत नाहीत. अकरावीपासून रोज थोडे रेखाटन करणे, बाजार, बसस्थानक, देवळाचे प्रांगण अशा ठिकाणी बसून माणसांची व वस्तूंची चित्रे काढणे आणि ती वही जपून ठेवणे हीच खरी तयारी होय. संगीत-नाट्याच्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. चाचणीच्या तारखा विद्याशाखेच्या सूचनांमधून जाहीर होतात, म्हणून केवळ सामायिक संकेतस्थळावर विसंबून न राहता विद्यापीठाचे संकेतस्थळही नियमित पाहावे.

अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश मात्र निराळ्या राज्यस्तरीय समितीमार्फत होतात. त्यांचे नियम वेगळे असून गुजरातच्या रहिवाशांना त्यांत प्राधान्य असते.

कागदपत्रे : सर्वाधिक अडचण येथेच

गोवा मंडळाचा बारावीचा निकाल २०२४ मध्ये एप्रिलमध्ये, तर २०२५ मध्ये मार्चअखेरीस लागला. बाहेरच्या प्रवेशासाठी ही सवलतच आहे. निकाल आणि प्रवेश यांच्यामधला हा काळ पुढील गोष्टींसाठी वापरावा.

१. नावाचा मेळ : जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार कार्ड यांवरील नावाचे रोमन स्पेलिंग एकच आहे का, हे दहावीतच तपासावे. जुन्या पोर्तुगीज नोंदींत 'कामत' हे 'कामोतीं' होत असे. त्या वळणाचे स्पेलिंग काही घरांत अजून चालते आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे ठरतात. नावदुरुस्तीला महिने लागू शकतात.

२. स्थलांतर व पात्रता प्रमाणपत्र : दुसऱ्या मंडळातून आलेल्या विद्यार्थ्याकडे विद्यापीठ ही प्रमाणपत्रे मागते. गोवा मंडळाकडे स्थलांतर प्रमाणपत्रासाठी वेळीच अर्ज करावा. पात्रता प्रमाणपत्राची पद्धत विद्यापीठाच्या सूचनेत पाहावी.

३. जातीचा व उत्पन्नाचा दाखला : येथे अनेकांचा गैरसमज होतो. राज्याच्या विद्यापीठांतील आरक्षण त्या राज्याच्या यादीनुसार असते. गोव्याच्या दाखल्यावर गुजरातमधील राखीव जागा सामान्यतः मिळत नाही, त्यामुळे खुल्या प्रवर्गातील स्पर्धा गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. मात्र केंद्राच्या व गोवा सरकारच्या शिष्यवृत्त्यांसाठी हे दाखले लागतातच. मामलेदार कार्यालयात जूनमध्ये होणारी गर्दी लक्षात घेऊन ते आधीच काढावेत.

४. मूळ प्रती : शाळा सोडल्याचा दाखला एकदाच मिळतो. तो एका महाविद्यालयात जमा केल्यावर दुसरीकडे प्रवेश घ्यायचा झाल्यास परत मिळवण्यात वेळ जातो. सर्व कागदपत्रांच्या छायाप्रती व स्कॅन केलेल्या प्रती घरी ठेवाव्यात.

एका शिक्षकाने काय केले?

हे सारे वाचताना वाटेल, की ही निव्वळ कारकुनी आहे. पण माहिती योग्य माणसापर्यंत पोहोचली की काय घडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण बडोद्याच्याच इतिहासात आहे. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे घरची ओढाताण होऊन शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांच्यासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे झाले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानानेच त्यांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट होती, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची.

येथे विद्यार्थ्याची बुद्धी होती, महाराजांची तिजोरी होती. तरीही त्या दोहोंना जोडणारा माणूस नसता, तर कदाचित काहीच झाले नसते. आजच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत, अभ्यासक्रमांच्या याद्या आहेत. मात्र 'तू हा अर्ज भर' असे एखाद्या विद्यार्थ्याला सांगणे संकेतस्थळाला जमत नाही.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. १९१७ मध्ये आंबेडकर उच्च विद्याविभूषित होऊन बडोद्यात नोकरीसाठी आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले आणि अवघ्या काही दिवसांत बडोदा सोडावे लागले. शिष्यवृत्ती, पदवी, नोकरी सारे असूनही डोक्यावर छप्पर नसेल तर शिक्षणाची वाट कशी खुंटते, याचा हा दाखला आहे.

निवास आणि खर्च

म्हणूनच वसतिगृहाचा विचार प्रवेशानंतर नव्हे, प्रवेशाबरोबरच करावा. विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहे आहेत, परंतु जागा मर्यादित असतात आणि त्यांचा अर्ज स्वतंत्र असतो. जागा न मिळाल्यास खासगी निवासाचे भाडे, खानावळ, कलाशाखेत रंग-कागद-माती यांवर होणारा खर्च आणि वर्षातून दोन-तीनदा गावी येण्याजाण्याचे पैसे असा हिशेब शुल्काच्या शेजारी मांडावा. पुष्कळदा विद्यापीठाच्या शुल्कापेक्षा राहण्याजेवणाचा खर्चच अधिक होतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील केंद्रीय योजना यांच्या अटी बारावीच्या परीक्षेआधीच वाचून ठेवाव्यात.

वर्गनिहाय वेळापत्रक

नववी-दहावीत आवड ओळखणे आणि नावाची कागदपत्रे दुरुस्त करणे. अकरावीत शाखा निवडताना पुढच्या अभ्यासक्रमाची पात्रता पाहणे, कारण गणित किंवा जीवशास्त्र एकदा सोडले की काही दारे बंद होतात. अकरावीच्या सुटीत जमल्यास विद्यापीठ प्रत्यक्ष पाहून येणे. बारावीच्या पहिल्या सत्रात तीन पर्यायांची यादी करणे : एक मनाजोगता, एक हमखास मिळेल असा आणि एक गोव्यातला. परीक्षा संपताच दाखले, निकाल लागताच अर्ज.

गोव्यातील प्रत्येक उच्च माध्यमिक विद्यालयाने या कामासाठी एका शिक्षकाकडे रीतसर जबाबदारी द्यावी. त्याच्या तासिका कमी कराव्यात आणि अकरावीच्या पालकांसाठी वर्षातून एक दुपार राखून ठेवावी. ज्या घरांत आधीची पिढी महाविद्यालयात गेली आहे, तेथे ही माहिती जेवणाच्या पाटावर मिळते. सत्तरी, सांगे, केपे, काणकोणातील ज्या घरांतून प्रथमच कोणी पदवीला निघाले आहे, तेथे ती शाळेनेच पोहोचवायची असते. ती पोहोचली नाही, तर चांगले गुण मिळवलेला विद्यार्थीही जवळ दिसेल त्या महाविद्यालयात, मिळेल त्या शाखेत नाव घालतो आणि आपल्यापुढे आणखी कोणते पर्याय होते, हे त्याला पदवी हाती आल्यावर कळते.