परिचारिकेची दुसरी पाळी

रुग्णालयात जिला सर्वजण ‘सिस्टर’ अशी हाक मारतात, ती घरी कोणाची पत्नी, कोणाची सून, तर कोणाची आई असते. रुग्णालयातील पाळी संपण्याची वेळ ठरलेली असते. घरातील पाळीला मात्र वेळापत्रक नसते. रात्रपाळी करून परतलेली परिचारिका मुलांचे डबे आणि सासू-सासऱ्यांची औषधे यांत गुंतते व तिची झोप दुपारवर जाते. केंद्र सरकारच्या 2019 च्या कालवापर सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटे, तर पुरुष 97 मिनिटे देत होते.

ग्रीनहाउस व ब्यूटेल या अभ्यासकांनी 1985 मध्ये नोकरी आणि कुटुंब यांतील संघर्षाचे तीन प्रकार सांगितले. पहिला वेळेचा : मुलाच्या शाळेत पालकसभा असते, त्याच वेळी आईची ड्यूटी असते. दुसरा ताणाचा : वॉर्डात रुग्ण दगावल्याचे दुःख तिच्यासोबत घरी येते. तिसरा वर्तनाचा : अतिदक्षता विभागात भावना आवरून काटेकोरपणे वागावे लागते; घरच्यांना मात्र मोकळा जिव्हाळा हवा असतो.

कामाचा ताण दीर्घकाळ साचत गेला की ‘बर्नआउट’ ही अवस्था येते. घरीही विसावा मिळाला नाही, तर हा ताण ओसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनात येणारा दुरावा आणि कार्यक्षमतेत घट. संघटनेने तिला आजार न मानता कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था मानले आहे. म्हणून ‘तुझे मनच कमकुवत आहे’ असे म्हणून त्या स्त्रीला दोष देणे योग्य नाही.

हा प्रश्न केवळ तिच्या एकटीचा नाही. थकलेल्या हातून औषधाची मात्रा चुकू शकते. म्हणजेच रुग्णाची सुरक्षितताही त्यात गुंतलेली आहे. पुरेशा परिचारिकांची भरती, पाळ्यांचे आगाऊ वेळापत्रक आणि रात्रपाळीनंतर सलग विश्रांती हे रुग्णालयाने करावयाचे उपाय होत. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय 2017 च्या कायदादुरुस्तीने बंधनकारक झाली. ती प्रत्यक्षात उपलब्ध असली पाहिजे. घरीही पतीने स्वयंपाक व मुलांचा अभ्यास ही कामे ‘मदत’ म्हणून न करता स्वतःची जबाबदारी म्हणून स्वीकारावीत. तेव्हाच रात्रभर इतरांच्या उशाशी जागलेल्या स्त्रीला सकाळी निश्चिंतपणे झोपता येईल.