फियाटला बूस्टर बसवण्यापूर्वी

जुनी फियाट विकायची नाही, असे ज्या घरात एकदा ठरते, त्या घरात पुढचा वाद हमखास ब्रेकवरून सुरू होतो. आजोबांना तिच्या ब्रेकमध्ये काडीची खोट दिसत नाही. मुलगा आठवडाभर नवी गाडी चालवतो आणि रविवारी फियाटमध्ये बसला की म्हणतो, "बाबा, हिचा ब्रेक लागतच नाही!" मग कोणी जाणता तोडगा सुचवतो, "बूस्टर बसवून घ्या, लोण्यासारखा ब्रेक होईल." नाशिककरांना हा सल्ला चटकन पटतो, कारण मुंबईच्या जुन्या रस्त्यावर कसारा घाट आणि देवीच्या दर्शनाला जावे तर नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट!

सल्ला वाईट नाही. पण अर्धा आहे. उरलेला अर्धा समजून घेतल्यावाचून गाडी मेस्त्रीच्या हवाली करू नये.

आधी गाडीची ओळख. फियाट अकराशे ही मूळची इटलीची, १९५३ सालची. तिचा वंश वाढला तो मुंबईत, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात १९६०च्या दशकात 'डिलाइट' निघाली, पुढच्या दशकात तिचीच 'पद्मिनी' झाली आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. इंजिन १०८९ सी.सी., वजन सुमारे नऊशे किलो आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत १९६६ साली निघालेल्या 'अकराशे आर'ला पुढे डिस्क ब्रेक मिळाले. आपली डिलाइट मात्र ड्रमवरच राहिली.

या ब्रेकची रचना साधी. पाय पेडलवर पडला की मास्टर सिलिंडरमधले तेल दाबले जाते, तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोचतो आणि ड्रमच्या आतले दोन शू बाहेर ढकलले जाऊन फिरत्या ड्रमला घासतात. गंमत अशी, की त्यांतला निदान एक शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपणहून अधिकच घट्ट बसतो. म्हणजे ड्रम ब्रेक स्वतःच थोडी मदत करतो. म्हणून तर लहान गाड्यांचे काम बूस्टरवाचून इतकी वर्षे भागले. डिस्क ब्रेकला ही आपोआप मिळणारी मदत नाही. त्यामुळे डिस्क आली की बहुधा तिच्या पाठोपाठ बूस्टरही आला.

मग हा बूस्टर करतो काय? बेल्जियन इंजिनियर आल्बेर देवांद्र याच्या या कल्पनेचा ब्रेक बॉश कंपनीने १९२७ साली बाजारात आणला. सातपूरच्या कारखान्यामुळे बॉश हे नाव नाशिककरांना घरचेच! बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक चपटा डबा. त्याच्या मध्ये रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना डब्यातली हवा इंजिनच्या मॅनिफोल्डकडे ओढली जाते. आपण पेडल दाबले, की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते. दुसऱ्या बाजूला पोकळी असल्यामुळे ती हवा पडद्याला रेटते आणि मास्टर सिलिंडरचा दांडा पुढे ढकलते. पडदा १८ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक धरला, तर जोर झाला दीडशे किलोंचा! मागे एक धडधाकट गडी आणि त्याच्या खांद्यावर दुसरा, असे दोघे पेडलवर उभे राहिल्यासारखेच झाले.

पण हे बळ मिळाले पायाला, ब्रेकला नव्हे. गाडी थांबवतात ते ड्रम, लायनिंग आणि टायर. झिजलेले लायनिंग, तेल पाझरणारा व्हील सिलिंडर आणि गुळगुळीत टायर असताना बूस्टर काय करणार? आडात नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून पहिला खर्च तिथे. ड्रम उतरवून पाहावेत, शू जुळवून घ्यावेत, नळ्या आणि रबरी होज बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ते दर दोन वर्षांनी बदलावे आणि नळ्यांतली हवा नीट काढावी. एवढे केल्यावर पुष्कळ घरांत बूस्टरचा विषयच निघत नाही. जुन्या बनावटीत चारही चाकांना एकाच सिलिंडरचे तेल जाते. एक नळी फुटली तर चारही चाके उघडी पडतात. तिथे दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवणे हे बूस्टरपेक्षाही मोलाचे काम.

तरीही गुडघा दुखतो, घाटाचा प्रवास वारंवार होतो, तर बूस्टर जरूर बसवावा. मात्र मेस्त्रीला चार गोष्टी विचाराव्यात. नव्या गाडीचा बूस्टर तिच्या मास्टर सिलिंडरसकट घेतला, तर त्याचा व्यास काय? १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा सिलिंडर आला, तर त्याच जोरात तेलाचा दाब सुमारे पाव हिश्श्याने घटतो. दांड्याला किंचित मोकळीक आहे ना? नसली तर पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतात आणि ड्रम तापतात. मॅनिफोल्डकडची नळी जाड, पोकळीने न चपटणारी आहे ना? आणि तिच्यात हवा परत न सोडणारा व्हॉल्व्ह आहे ना? शेवटी, रिकाम्या रस्त्यावर, हळूहळू वेग वाढवत परीक्षा घ्यावी. कारण हलक्या पेडलमुळे ओल्या रस्त्यावर मागची चाके अवचित जाम होऊन गाडी घसरू शकते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटाच्या माथ्यावर इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडायची, ही आपल्याकडची जुनी खोड. बूस्टर नसलेल्या गाडीतही ती वाईटच. पण बूस्टरच्या गाडीत ती जिवावर बेतू शकते. इंजिन बंद पडले की नवी पोकळी तयार होत नाही. डब्यात साठलेली दोन-तीन वेळा पुरते. चौथ्या वळणावर पेडल एकाएकी दगडासारखे होते आणि हलक्या पेडलची सवय झालेला पाय गोंधळतो. गाडीत मागे मुलेबाळे बसलेली असतात, तेव्हा हा हिशेब दोन रुपयांच्या पेट्रोलशी करू नये.

उष्णतेचाही विचार हवा. पाच माणसांसह बाराशे किलोंची गाडी तीनशे मीटर खाली उतरली, तर तिच्यातून जी शक्ती निघते, तिने दहा लिटर पाणी उकळेल! सगळा घाट ब्रेकवर उतरला, तर ही उष्णता ड्रममध्ये जाते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, लायनिंगची पकड सुटते, पेडल खाली जाऊ लागते. जड पेडल निदान पायाला दमवून सावध करते. बूस्टर ती सूचनाही सौम्य करतो. उपाय जुनाच आहे : ज्या गिअरवर चढ चढलो, त्याच गिअरवर उतार उतरावा. इंजिन गाडीला आवरते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असल्यामुळे बूस्टरला पोकळीही भरपूर मिळते.

बूस्टर ठीक आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर शाबूत. न गेले तर घाटाकडे निघण्याआधी मेस्त्रीकडे वळावे. दिवाळीच्या सुट्टीत गाडी बाहेर काढण्यापूर्वी एवढी एक मिनिटाची परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. मग ती फियाट असो, की शेजाऱ्यांची नवी कोरी गाडी.