उत्सव कोणाचा, शाळा कोणाची?

रांगोळीसाठी नावाजलेल्या जूचंद्र गावात थोरांची हुबेहूब चित्रे भुईवर रेखाटली जातात. पाहणारा आपखुशीने येतो आणि स्वतःचे मत बनवून परततो. शाळेतल्या मुलाला ही मोकळीक नसते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे कायद्याने पालकांचे कर्तव्य आहे. तेथे दाखवाल ते त्याने निमूटपणे पाहावयाचे.

म्हणूनच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या बालपणावर बेतलेला ‘चलो जीते हैं’ हा लघुपट राज्यातील शाळांत दाखविण्याची सूचना सप्टेंबर २०१८ मध्ये निघाली, ती आम्हांस उचित वाटली नाही. हा मोह एकाच पक्षाचा नव्हे. नेहरूंच्या जन्मदिनी बालदिन साजरा होऊ लागला तोही ते पंतप्रधान असतानाच. तेव्हाही हाच आक्षेप घ्यावयास हवा होता.

मतदानाच्या दिवशी याच शाळांची मतदान केंद्रे होतात आणि १०० मीटरांच्या आत प्रचारास बंदी असते. मतदारासाठी जी शाळा एक दिवस निःपक्ष, ती उद्याच्या मतदारासाठी वर्षभर तशी का नसावी? पंतप्रधानाची निवड कशी होते, त्यास जाब कोण विचारतो, हे शिक्षकांनी अवश्य शिकवावे. उत्सव मात्र पुढारी पदावरून उतरेपर्यंत थांबू शकतो.