नकाशा वाडीपर्यंत कोण नेणार?

महाड १८ अंश अक्षांशाच्या जरा उत्तरेला आहे, पोलादपूर जरा दक्षिणेला. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटांत महाड ४७ एफ/८ वर सापडते आणि पोलादपूर ४७ जी/५ वर. सावित्री नदी महाबळेश्वराहून उतरून दोन्ही शीटांतून वाहते. इथला दरडी कोसळणारा डोंगर समजून घ्यायचा तर ही दोन्ही शीटे शेजारी ठेवावीच लागतात.

जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी ५ मे रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला होता. एक कॅमेरा पुढे कललेला, दुसरा मागे. दोन्हींच्या चित्रांवरून डोंगराची उंची आणि उतार मोजता येत होता. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणात करायला घेतले. तरीही २२ जुलै २०२१ च्या दुपारी तळीये गावची कोंडाळकरवाडी डोंगराखाली गेली. ८० हून अधिक बळी. पोलादपूर तालुक्यात साखरसुतारवाडी आणि केवनाळे इथेही त्याच पावसाने माणसे नेली.

दोष उपग्रहाचा नव्हता. १:५०,००० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दीडशे मीटर लांबीची वाडी त्यावर तीन मिलिमीटर भरते. उताराचा पट्टा धोक्याचा आहे एवढे असा नकाशा सांगतो. कुठले घर हलवायचे, हे त्यावर दिसत नाही. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी तर १९ जुलै २०२३ ला गाडली गेली तेव्हा धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती.

आता प्रश्न उरतो तो तज्ज्ञ आणि वाडी यांच्या मधल्या जागेचा. ती जागा भरून काढू शकेल अशी संघटना आपल्याकडे आहे. डेहराडूनला १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने हवाई छायाचित्रे वाचायला शिकवणारी संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये तिथेच अभ्यासकांची सोसायटी स्थापन झाली. १९७३ पासून तिचे नियतकालिक ‘फोटोनिर्वाचक’ या नावाने निघू लागले. आजची इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग ती हीच. मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्या शाखा आहेत. पवईच्या आयआयटीत १९७६ पासून सुदूर संवेदनाचे, म्हणजे रिमोट सेन्सिंगचे, स्वतंत्र केंद्र आहे, नागपूरला राज्य सरकारचे सुदूर संवेदन केंद्र आहे. माणसे आहेत, विद्या आहे.

सोसायटीच्या शाखांवर नवे अध्यक्ष, सचिव निवडून येतात तेव्हा अभिनंदन होते, व्याख्यानमाला ठरते. विक्रम साराभाईंच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, सुदूर संवेदन दिन साजरा होतो. मला त्या व्याख्यानांबद्दल आदर आहे. पण ऑगस्टपर्यंत महाडच्या डोंगरात मुरायचे ते पाणी मुरलेले असते. इथल्या ग्रामपंचायतीला नकाशा मेअखेर हवा, तोही मोठ्या प्रमाणाचा, घरे, विहिरी, पायवाटा आणि वरच्या उतारावरच्या भेगा दाखवणारा. निवडून आलेल्या मंडळाकडे मी मागेन ते एवढेच: कार्यकाळातला एक उन्हाळा महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना द्या.

नकाशाच्या एवढ्या बारीक कामाला पूर्वी परवानग्यांची अडचण असे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांसाठी ती बरीचशी दूर केली. तळीयेच्या दुर्घटनेआधी जेमतेम पाच महिने. आता ३० जुलै २०२५ ला सोडलेला निसार उपग्रहही आहे. त्याचे रडार ढगांतून पाहते, आणि त्यातली सुमारे २४ सेंटिमीटरची लांब लहर झाडीतूनही बऱ्यापैकी जमिनीपर्यंत पोहोचते. तेच ठिकाण तो त्याच कक्षेतून १२ दिवसांनी पुन्हा टिपतो, त्यामुळे हळूहळू सरकणारा उतार त्याच्या मोजमापात पकडता येतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पावसात काही तासांत सुटणारा उतार मात्र १२ दिवसांच्या फेऱ्यांत सापडेलच असे नाही. तिथे शेताच्या बांधावर पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, वाकलेली झाडे हीच खूण, आणि ती आधी दिसते वाडीतल्या माणसाला. त्याने ती कुणाला कळवायची, आणि कळवल्यावर नकाशावर कुणी नोंदवायची, हे शाखेने मे महिन्यातच ग्रामसभेत बसून तलाठ्यासमोर ठरवून घ्यावे.